आईची कंबर आणि तुझे टायर

मनू,

काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, टायर बदलायचेत, आईच्या कमरेसाठी गाडी मऊ चालली पाहिजे, कुठला घेऊ ते सांग," आणि मागून तुझ्या अहोंचा आवाज आला, "सतरा इंची अलॉय टाकूया!" मी तेव्हा गप्प बसले. एक तर दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, आणि जावयाशी फोनवर वाद घालायचा नसतो. आता शटर अर्धं खाली ओढून निवांत लिहायला बसलेय. जे लिहितेय ते त्यांना सांगताना माझं नाव पुढे करू नकोस, स्वतःचं म्हणून सांग. बायकोच्या बहिणीचा सल्ला म्हटलं की पुरुषांना उगाच जड जातो.

लग्न होऊन मी कोल्हापुरात आले तेव्हा टायर काळा असतो आणि गोल असतो, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. उद्यमनगरात आमच्या टायरच्या दुकानात गल्ल्यावर बसून बसून कानावर पडत गेलं. आता गाडी दारात वळली की चाकाकडे बघून तुझ्या दाजींच्या आधी मी सांगते, हिचं अलाइनमेंट गेलंय. तेव्हा ताई म्हणून ऐक आणि दुकानदाराची बायको म्हणूनही ऐक. दुसरी बाजू जास्त कामाची आहे.

पैसे खर्चायच्या आधी चाकात हवा किती आहे ते बघ. हसू नकोस. "गाडी फार आपटते हो, चांगले टायर दाखवा," म्हणत कुणी आलं की आमच्याकडे आधी गेज लागतो, आणि पुष्कळदा काटा चाळीसच्या आसपास जाऊन थांबतो. पंपावरचा पोरगा विचारतो, "मॅडम, पस्तीस?" आपण मान हलवतो. घाईत तो अडतीसही मारतो, आपल्याला कळत नाही. कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, की हवा चढी ठेवली की ॲव्हरेज वाढतं. थोडंफार वाढतंही. पण ती चढी हवा आईच्या मणक्यात जाते त्याचं काय?

ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघड. दाराच्या चौकटीवर एक छोटं स्टिकर असतं, बहुतेकांनी आयुष्यात न वाचलेलं. त्यावर गाडीत दोन-तीन माणसं असताना हवा किती आणि गाडी भरलेली असताना किती, हे लिहिलेलं असतं. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडेही वेगळे असू शकतात. गाडी कंपनीनं तुझ्या गाडीसाठी काढलेला आकडा तो. टायरच्या अंगावर 'मॅक्स प्रेशर' म्हणून कोरलेलं असतं ती टायरची सहनशक्ती, भरायचा आकडा नव्हे. या दोहोंत लोक कायम घोळ घालतात. हवा बघायची ती सकाळी, गाडी थंड असताना, घराजवळच्या पंपावर. वाकडहून निघून साताऱ्यात बघितलीस तर टायर तापलेला असणार, काटा तीन-चार पॉइंट जास्त दाखवणार, पोरगा इमानदारीनं हवा सोडणार आणि दुसऱ्या दिवशी चाकं हवेला कमी.

मग मऊ हवंय तर पंचवीसवरच ठेवू, असंही डोक्यात आणू नकोस. हवा कमी असली की टायरची भिंत फिरताना सारखी दुमडत राहते आणि आतून तापत जाते. गावात ते खपून जातं. पण मुंबई-नागपूरचा समृद्धी ७०१ किलोमीटरचा, १२० च्या मर्यादेचा, सरळसोट. अशा रस्त्यावर तासन्‌तास एका वेगानं पळताना तोच तापलेला टायर दगा देतो. हवा स्टिकरवर असेल तेवढी. जास्त नको, कमी नको. आणि नायट्रोजन भरा म्हणून कुणी आग्रह केला तर त्यावर पैसे घालवायचेच असा काही नियम नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. नायट्रोजनमुळे गाडी मऊ होत नाही, हवा जरा सावकाश उतरते एवढंच. महिन्यातून एकदा नेमानं हवा तपासणाऱ्या बाईला त्याची गरज नाही.

हवा बरोबर केल्यावर आठवडाभर गाडी चालव. तरीही आपटतेय? तरी लगेच टायरवर जाऊ नकोस. गतिरोधकावरून अगदी हळू जाताना खालून टक्-टक् आवाज येतो का ते कान देऊन ऐक. येत असेल तर तो टायरचा नाही. लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, नाहीतर स्ट्रटचं वरचं माउंटिंग, यांतलं काहीतरी ढिलं झालंय. पुण्याच्या रस्त्यांवर चार-पाच वर्षं चाललेल्या गाडीत ते होणारच. मागच्या बंपरवर दोन्ही हात ठेवून गाडी दाब आणि सोड. एकदा वर येऊन स्थिर झाली तर बरं. दोन-तीनदा डोलत राहिली तर शॉकअप संपत आलेत. ढोबळ परीक्षा आहे, पण घरच्या घरी होते. गेलेल्या शॉकअपवर महागातले टायर चढवून गाडी मऊ झाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. गिऱ्हाईक मात्र आम्हालाच बोलून जातं.

घूं-घूं आवाजाचंही तू म्हणाली होतीस ना, सत्तरच्या पुढे गेलं की विमानासारखा येतो म्हणून? त्याची पारख करायला शीक, मेकॅनिक फसवू शकणार नाही. रस्ता बदलला की आवाज बदलतो का बघ. डांबरावर कमी आणि काँक्रीटवर जास्त असेल, तर तो टायरचा. रस्ता तोच, वेग तोच, पण मोकळ्या जागी स्टिअरिंग अलगद डावी-उजवीकडे केल्यावर आवाज कमी-जास्त होत असेल, तर चाकाच्या बेअरिंगचा. आता टायरवर तळहात ठेव, नक्षीवरून आतून बाहेर फिरव, मग बाहेरून आत. एका दिशेनं हात गुळगुळीत सरकतो आणि उलट फिरवताना ठोकळ्यांच्या कडा बोटांना अडतात, असं लागलं तर अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीवर टायर तिरका घासला गेलाय. डोळ्यांना तो सपाट दिसतो, बोटं खोटं बोलत नाहीत. असा टायर नंतर कितीही अलाइनमेंट केलं तरी ओरडतच राहतो. तो बदलायचाच.

नक्षीच्या खोबणीत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी घासून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायरचं आयुष्य कायद्यानंही संपलं. पावसाळ्यात आंबा घाट उतरणार असशील तर त्याच्या बरंच आधी बदल. आणि नक्षी चांगली दिसली तरी वय बघ. पाच-सहा वर्षांत रबर कडक होतं. नख रोवून बघ, रुततच नाही. तुझ्या गाडीचे पहिले टायर अजून तेच आहेत, म्हणजे ते आपटण्याचं अर्धं कारण तिथेच आहे.

बरं, आता मुद्द्याचं. आराम येतो कुठून? हवेतून. तुला गंमत सांगते, हवेचा टायर निघाला तोच आरामासाठी. बेलफास्टमधला जॉन बॉइड डनलॉप हा गुरांचा डॉक्टर. त्याच्या पोराची तीनचाकी भरीव रबरी चाकांवर दगडी रस्त्यानं खडखडायची, म्हणून त्यानं रबराची नळी करून तीत हवा भरली आणि चाकाला गुंडाळली. १८८८ साली त्यानं त्याचं पेटंट घेतलं. त्याच्याही चाळीसेक वर्षं आधी रॉबर्ट थॉमसन नावाच्या एका स्कॉटिश माणसानं हीच कल्पना घोडागाडीच्या चाकांसाठी नोंदवली होती, पण ती मागे पडली. वेग, पकड, स्टाइल हे सगळं पुढचं. मूळ हेतू लेकराला हादरे बसू नयेत हा. त्यामुळे मऊ टायर मागायला कुणी आलं आणि आमच्या पोरांनी तोंड वाकडं केलं, तर मी त्यांना हे ऐकवते.

तुझ्या गाडीच्या टायरवर लिहिलंय १९५/५५ आर १६. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे ते. आर म्हणजे रेडियल. शेवटचा रिमचा आकार, इंचात. गुणाकार कर: १९५ चे ५५ टक्के, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यात तुला साधारण १०.७ सेंटीमीटर उंचीची भिंत मिळते. खड्डा आला की ही भिंत दबते आणि हादरा पोटात घेते. जेवढी उंच, तेवढी दबायला जागा. आता तुझ्याच मॉडेलची जी खालची, स्वस्तातली गाडी आहे, तिला कंपनी १८५/६५ आर १५ देते. तिची भिंत १२ सेंटीमीटर. चाकाचा बाहेरचा एकूण व्यास मात्र दोन्हींचा जवळजवळ सारखाच, ६२ सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे वरच्या मॉडेलसाठी जास्त पैसे मोजून तू काय घेतलंस? धातू वाढवलास आणि हवा घटवलीस. शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही, कारण मोठी रिम फोटोत उठून दिसते.

तुझ्या अहोंच्या सतरा इंचाचं गणितही करून टाकू. व्यास तेवढाच ठेवायचा तर २०५/४५ आर १७ च्या आसपास काहीतरी येईल. भिंत उरली ९.२ सेंटीमीटर. आत्ताच्यापेक्षा दीड सेंटीमीटर कमी! पंधरा इंचीशी ताडून बघितलंस तर जवळपास तीन सेंटीमीटर गेले. कापूस काढून घेतलेल्या गादीवर भारी चादर घालण्यातला प्रकार. शिवाय मोठी अलॉय बहुधा जास्त जड असते, आणि चाकाचं वजन वाढलं की सस्पेन्शनला ते खड्ड्यातून पटकन वर-खाली करता येत नाही, धक्का थेट आत येतो.

यात भर म्हणजे टायरला येणारा फुगा. तू पाहिला नसशील. पावसाळा सरला की आमच्याकडे आठवड्याला असे टायर येतात: भिंतीवर एका जागी लिंबाएवढा उंचवटा, बाकी टायर नवाकोरा. पाणी भरलेल्या खड्ड्याच्या धारदार कडेवर चाक आदळतं, बुटकी भिंत रिम आणि कडा यांच्यात चेमटते, आतले धागे तुटतात आणि तिथे हवा रबराला बाहेर ढकलते. त्याला पंक्चर नाही, दुरुस्ती नाही, बदलण्याशिवाय इलाज नाही. गिऱ्हाईक विचारतं, वॉरंटीत बसेल का? खड्ड्याचा मार सहसा बसत नाही. बुटक्या भिंतीच्या टायरवर हे जास्त दिसतं. अहोंना आई, कंबर, आराम यांतलं काही सांगू नकोस, त्यांना हा फुगा सांग. खर्चाचं कळतं पुरुषांना.

"म्हणजे ताई, मी पंधरा इंची रिम टाकू?" असं विचारशील. हो, टाकता येते. आमच्याकडे काही शहाणी गिऱ्हाइकं मुद्दाम करून घेतात. पण अटी आहेत. जो आकार तुझ्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटला कंपनीनं दिलाय तोच घ्यायचा, मनाचा नाही; नाहीतर उद्या अपघात झाला तर विम्याच्या क्लेमच्या वेळी नसतं झंझट. पुढच्या ब्रेकवर रिम फिरते का, कॅलिपरला घासत नाही ना, हे एक चाक लावून, हातानं फिरवून बघायचं, आणि मगच चारही घ्यायच्या. लोड इंडेक्स कमी होता कामा नये. आकाराच्या पुढे ८७, ८८ असं लिहिलेलं असतं ते बघ: ८७ म्हणजे एका टायरला ५४५ किलो, ८८ म्हणजे ५६०. त्यापुढचं अक्षर वेगाचं, एच म्हणजे ताशी २१० पर्यंत, व्ही म्हणजे २४०. १८५/६५ आर १५ बहुधा ८८ एचमध्ये मिळतो, तुला पुरून उरेल. रिमांचा खर्च वेगळा, जुन्या अलॉय विकून थोडा वसूल होतो. वळणावर गाडी आत्तापेक्षा किंचित झुकेल, स्टिअरिंगही थोडं सुस्त वाटेल. आईला घेऊन जाताना तू खंबाटकीत काही रेस लावणार नाहीस, म्हणून मी तर म्हणेन, कर.

पण रिम बदलायला घरातून नकार आला तर आहे तोच आकार ठेव आणि टायरच्या जातीत आराम शोध. भांडण करू नकोस.

जातीचं असं आहे, की रबर एकाच वेळी सगळं देत नाही. जास्त टिकणारा टायर बहुतेक वेळा कडक, मऊ चालणारा लवकर झिजतो, पकडीचा स्पोर्टी टायर आवाज करतो. कंपन्या आता या तीन गोष्टींत बरीच तडजोड साधतात, पण नावावरून कल कळतो. सिएटचा मायलेझ, अपोलोचा अ‍ॅमेझर फोर-जी लाइफ, हे टिकाऊपणावर विकले जातात. ज्यांची गाडी टॅक्सीत पळते त्यांना उत्तम. मिशेलिनची प्रायमसी, ब्रिजस्टोनची तुरांझा, ही नावं शांत, आरामशीर प्रवासाची म्हणून ओळखली जातात. या दुसऱ्या गटातून घे. तुझ्या आकारात एमआरएफ, जेके, योकोहामा, गुडइयर सगळ्यांचे टायर मिळतात आणि प्रत्येकाच्या दोन-दोन, तीन-तीन जाती असतात. म्हणून "एमआरएफ द्या" एवढंच म्हणू नकोस. "यातला टूरिंगचा, आवाज कमी करणारा कुठला?" असं विचार. नुसती कंपनी मागितलीस तर हाताशी असेल तो मिळेल.

आणि हे कानात सांगते. दुकानात जो टायर "सगळ्यात बेस्ट, मॅडम" असतो, त्यावर बरेचदा त्या महिन्याची स्कीम असते. इतके टायर विकले की अमुक टक्के, किंवा थायलंडची ट्रिप. सगळेच दुकानदार लबाड असतात असं नाही, तुझे दाजी तर मुळीच नाहीत, पण शेल्फवर अडकलेला माल आधी काढायचा हा धंदा आहे. तेव्हा जाण्याआधी दोन जाती पक्क्या करून जा. दुकानदार तिसरीच दाखवायला लागला की नुसतं विचार, "का?" कारण सांगता आलं तर ऐक. दर दोन-तीन ठिकाणी फोन करून घे, आणि त्यात फिटिंग, बॅलन्सिंग, नवा व्हॉल्व्ह धरलाय का ते तिथेच विचारून घे. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. कुणी जुनाच हिशेब लावत असेल तर बिल मागताच सरळ होतो.

पैसे देण्याआधी टायरची जन्मतारीख वाच. डॉट या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी एका लंबगोलात चार आकडे असतात. २३२५ असेल तर २०२५ सालातला तेविसावा आठवडा. काळ्यावर काळं, दिसत नाही; आमची पोरं खडू घासतात, मग आकडे पांढरे उठतात. तू मोबाइलचा टॉर्च तिरका धर. सहा-आठ महिन्यांच्या आतला मिळाला तर छान, वर्षाच्या वरचा असेल तर दुसरा मागायचा. चारही टायरांचे आकडे बघ बरं, एकाचाच बघून उठू नकोस. आयएसआयचा शिक्का आहे का तेही बघ. आणि अंगावर एक्सएल किंवा 'एक्स्ट्रा लोड' लिहिलेला टायर तुझ्या गाडीला कंपनीनं सांगितलेला नसेल तर घेऊ नकोस. जास्त वजनासाठी त्याची भिंत टणक केलेली असते, आणि तू मऊपणासाठी पैसे देतेयस.

सेकंडहँड टायरवाल्याकडे मात्र जायचंच नाही. पुसट नक्षी गरम सुरीनं खोल कोरून, वर काळं पॉलिश मारून ठेवलेले टायर त्या लायनीत मिळतात. स्वस्त आहेत म्हणून कोण घेतं, तर जी माणसं रोज दीडशे किलोमीटर जातात ती. जीव टांगणीला लागतो नुसता बघून.

चारही एकदम बदलणं उत्तम. नाहीच जमलं आणि दोनच घेतले तर नवे मागे लाव. सगळे उलट करतात. म्हणतात, इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, मग नवे पुढेच. पण ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ घसरते, आपण वेग कमी केला की सावरते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ते आपल्याच्यानं आवरत नाही. टायर कंपन्याही हेच सांगतात. स्टेपनीकडेही एकदा डोकाव. पुष्कळ गाड्यांची स्टेपनी छोट्या आकाराची असते आणि तिच्यात वर्षानुवर्षं कुणी हवा भरलेली नसते.

बसवताना काच लावलेल्या वेटिंग रूममध्ये चहा पीत बसू नकोस, बाहेर येऊन उभी राहा. बाई उभी राहिली की पोरं जरा काळजीनं काम करतात, हा माझा रोजचा अनुभव. टायरवर 'आउटसाइड' लिहिलेलं असेल ती बाजू बाहेर, बाण असेल तर चाक त्या दिशेनं फिरलं पाहिजे. नव्या टायरवर पिवळा ठिपका दिसला तर तो टायरच्या सगळ्यात हलक्या जागेचा. तो व्हॉल्व्हजवळ आणून बसवला की बॅलन्सिंगला शिशाचे तुकडे कमी लागतात. रिम मशीनवर फिरताना हलतेय का, तिरकी झालीय का, ते बघ. तुझी गाडी नव्वदच्या पुढे थरथरते म्हणाली होतीस ना? स्टिअरिंग थरथरत असेल तर दोष पुढच्या चाकांत, सीट थरथरत असेल तर मागच्या. हे फिटरला आधीच सांगून ठेव, म्हणजे तो नीट शोधेल. मग अलाइनमेंट, आणि त्याचा आधीचा-नंतरचा कागद छापून घे. लाल आकडे हिरवे झाले की नाही, ते तुलाही कळतं, इंजिनियर आहेस.

नवे टायर पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून चालव. साच्यातून काढताना लावलेलं काहीबाही अंगावर असतं, पकड पूर्ण येत नाही, ब्रेक जरा आधी दाब. लगेच पावसात घाटात घालू नकोस. त्यानंतर दर दहा हजारांना चाकांची अदलाबदल करून घेतलीस तर टायर एकसारखे झिजतात आणि तो घूं-घूं लवकर येत नाही. एवढी शिस्त पाळलीस तर मऊ टायरही चांगले टिकतात.

आणि अपेक्षा बेताची ठेव. एक्सप्रेसवेचं काँक्रीट टायरला ओरडायला लावणारच. भारीतला टायर आवाज कमी करेल, घालवणार नाही. साताऱ्याच्या पुढे सहापदरीकरणाची जी डायव्हर्जनं आहेत, तिथे तर कुठल्याच टायरचा इलाज नाही. तिथे वेग कमी करायचा, बस. मोठा खड्डा चुकवता येत नसेल तर त्यात पडण्याआधी ब्रेक दाब, आणि चाक आत जाताना सोड. दाबून ठेवलंस तर गाडीचं नाक खाली बसलेलं असतं आणि सगळा मार पुढच्या टायरवर येतो.

एक गोष्ट टायरची नाही, पण सांगायलाच हवी. तू आईला मागे बसवतेस, मान म्हणून, आणि आडवं होता यावं म्हणून. छोट्या गाडीत मागची सीट मागच्या चाकांच्या जवळ असते, तिथे प्रत्येक गतिरोधक दुप्पट जाणवतो. पुढे बसव तिला. सीटची पाठ थोडी मागे झुकव, कमरेमागे छोटी उशी दे आणि बेल्ट लाव. आधी नको म्हणेल, "तुम्ही दोघं बसा पुढे." अहो मागे बसतील एक दिवस. त्यांनाही कळू दे, सोळा इंचावर काय होतं ते, मग सतरा इंचाचा विषय आपोआप मागे पडेल.

उद्या सकाळी दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो मला व्हॉट्सॲप कर, आणि चारही टायरच्या जन्मतारखांचा. शॉकअप आणि बुश तुमच्या तिथल्या मेकॅनिककडून बघून घे, तो काय म्हणाला तेही कळव. त्यानं नवे शॉकअप सांगितले तर टायर महिनाभर थांबव; नाही सांगितले तर तुझ्या आकारात दोन-तीन जातींचे आजचे दर दाजींकडून काढून पाठवते. पुण्यातच घे, फिटिंगला परत जावं लागलं तर सोपं पडेल. कोल्हापूरला आलीस की अलाइनमेंट आपल्या मशीनवर एकदा पडताळून घेऊ.

ताई